पेरणी यंत्रातील बियाण्यासाठी कोरडे वंगण: निवड, माप आणि पडताळणी

वंगण म्हटले की तेल किंवा ग्रीस डोळ्यांसमोर येते, परंतु बियाण्याच्या पेटीत या दोहोंनाही मज्जाव आहे. तेलकट दाण्यावर धूळ बसते, तिचा लगदा दाणे एकेक करून उचलणाऱ्या चकतीच्या छिद्रांत जाऊन घट्ट होतो, रबरी सील खराब होऊ शकतात आणि उगवणीलाही धोका पोहोचतो. बियाण्यासाठीचे वंगण म्हणजे कोरडी आणि अतिशय बारीक भुकटी. ती ग्रॅफाइटची असते, टाल्कची म्हणजे शंखजिऱ्याची असते, या दोहोंच्या मिश्रणाची असते किंवा अलीकडे वापरात आलेल्या मेणासारख्या पदार्थाची असते. ही भुकटी टाकण्याचे काम बहुतेकांच्या हाताला इतके सवयीचे झालेले असते की पोते पेटीत रिकामे करावे, वर मूठभर भुकटी अंदाजाने भुरभुरावी आणि झाकण लावावे, यापलीकडे त्याचा विचार होत नाही. माझ्या मते चकतीची निवड आणि व्हॅक्यूमचा दाब यांच्याइतकीच भुकटीची मात्रा ही यंत्राची एक जुळणी आहे. ती मापून ठरवावी लागते, आणि ती बरोबर ठरली की नाही हे ओळ उकरून पाहिल्याशिवाय कळत नाही.

भुकटी नेमके काय करते

दोन रोपांमध्ये २० सेंटिमीटर अंतर ठेवायचे आहे आणि ट्रॅक्टर ताशी ७.२ किलोमीटर वेगाने चालला आहे, असे धरून चालू. यंत्र सेकंदाला २ मीटर पुढे सरकते, म्हणजे प्रत्येक ओळीच्या मीटरला (दाणे मोजून सोडणाऱ्या यंत्रणेला) सेकंदाला १० दाणे एकेक करून सोडावे लागतात. चकतीला ३० छिद्रे असतील तर ती ३ सेकंदांत एक फेरा पूर्ण करते. या गतीत एखादा दाणा छिद्राला चिकटून राहिला आणि सुटायला सेकंदाचा विसावा भाग जरी उशीर झाला, तरी तो आपल्या जागेपासून १० सेंटिमीटर पुढे पडतो. एवढ्या उशिराने अंतर निम्म्याने चुकते, आणि मातीच्या वरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

दाण्याला असा उशीर होण्यामागे साधारणपणे तीन कारणे असतात. पहिले घर्षण, म्हणजे दाण्याचे दाण्याशी आणि दाण्याचे धातूशी किंवा प्लास्टिकशी. दुसरे चिकटपणा. बीजप्रक्रियेतील औषधे, रंग आणि ते धरून ठेवणारा लेप दमट हवेत ओशट होतात. मग दाणे एकमेकांना धरतात आणि पेटीच्या तोंडाशी त्यांची कमान तयार होऊन खाली पोकळी राहते. तिसरे कारण स्थिर विद्युत. कोरड्या हवेत प्लास्टिकच्या नळीतून सतत घासत जाणाऱ्या दाण्यांवर विद्युतभार साठतो आणि हलके दाणे नळीच्या भिंतीला ओढले जातात. म्हणजे हवा दमट असली तरी अडचण, कोरडी असली तरी अडचण. फक्त अडचणीची जात बदलते, आणि कोणती भुकटी घ्यावी हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

ग्रॅफाइट हा कार्बन आहे. त्याचे अणू पातळ थरांमध्ये रचलेले असतात आणि हे थर एकमेकांवरून सहज घसरतात. शिवाय ग्रॅफाइट विजेचा वाहक असल्यामुळे साठलेला भार वाहून जायला वाट मिळते. टाल्क हे मॅग्नेशियमचे सजल सिलिकेट असून मोहच्या कठिणता मापनात सर्वांत खाली, १ वर आहे. तेही थरांचेच आहे, मात्र ते वीज वाहून नेत नाही. ओशट लेपावर कोरडा थर चढवून दाणे सुटे ठेवण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. म्हणूनच चिकट लेपासाठी टाल्क आणि स्थिर विद्युत व धातूची झीज यांसाठी ग्रॅफाइट अशी ढोबळ वाटणी आहे. दोन्ही गुण एकत्र मिळावेत म्हणून ८० टक्के टाल्क आणि २० टक्के ग्रॅफाइट असे तयार मिश्रणही मिळते.

मीटर कोणता, भुकटी कोणती

बोटांच्या मीटरमध्ये स्प्रिंगवर चालणारी धातूची बोटे दाणा पकडून पाठीच्या पत्र्यावर घासत नेतात. येथे धातू धातूवर चालतो, त्यामुळे दाण्याइतकीच गरज यंत्रालाही असते आणि ग्रॅफाइट हीच नेहमीची निवड आहे. अशा मीटरमध्ये नुसते टाल्क भरपूर टाकले, तर ते बोटांच्या मागच्या फटींत दाबले जाऊन गच्च बसते आणि बोटे पूर्ण मिटेनाशी होतात. व्हॅक्यूमच्या मीटरमध्ये हवेच्या ओढीने दाणा चकतीच्या छिद्रावर धरला जातो आणि ओढ तुटते त्या ठिकाणी तो सुटतो. तेथे लेपाचा चिकटपणा हा मुख्य शत्रू असल्यामुळे टाल्क किंवा ८०:२० मिश्रण वापरतात. मध्यवर्ती टाकीतून लांब नळ्यांद्वारे प्रत्येक ओळीला बियाणे पोहोचवणाऱ्या यंत्रांत दाण्याचा प्रवासच मोठा असतो, म्हणून भुकटीची उणीव तेथे सर्वांत आधी जाणवते. कधीकधी तर नळीच तुंबते आणि चकतीपर्यंत दाणा पोहोचतच नाही. ब्रशच्या मीटरसाठी यंत्राच्या पुस्तिकेत जे सांगितले असेल तेच वापरावे.

घरातली पर्यायी वस्तू वापरण्याचा मोह आवरावा. अंगाला लावायच्या पावडरीत सुगंध आणि इतर घटक मिसळलेले असतात. मक्याचे पीठ किंवा स्टार्च ओल लागताच खळ बनते, आणि बियाण्याच्या पेटीत खळ करून ठेवण्यासारखा दुसरा उपद्व्याप नाही. राखेत खरखरीत कण असतात. ती वंगण तर होत नाहीच, उलट कानसेचे काम करते.

माप

मात्रेसाठी पहिला आधार यंत्राची पुस्तिका आणि दुसरा भुकटीच्या डब्यावरील लेबल. दोन्हींत फरक असेल, तर मीटर ज्याने बनवला त्याचे ऐकावे आणि बियाण्याच्या पिशवीवर वंगणाबद्दल काही सूचना असेल तर तीही पाळावी. ग्रॅफाइट फार थोडे लागते. जुन्या पद्धतीच्या पेटीभर मक्याला मोठा चमचाभर, म्हणजे सुमारे १५ मिलिलिटर, या पातळीवरच्या शिफारशी नेहमी पाहायला मिळतात. टाल्क त्याच्या कितीतरी पट लागते. म्हणून एका भुकटीचे माप दुसरीला लावणे ही चूक सर्रास होते आणि ती महागात पडते.

काही लेबलांवर मात्रा किलोऐवजी दाण्यांच्या संख्येवर दिलेली असते. मक्यासाठी ८०,००० दाण्यांची पिशवी हे त्यातले प्रचलित एकक आहे. आपले बियाणे वजनावर घेतलेले असेल तर हजार दाण्यांचे वजन करावे. ते ३०० ग्रॅम भरले, तर ८०,००० दाण्यांचे वजन २४ किलो होते आणि त्या हिशेबाने मात्रा काढता येते. एवढे गणित एकदा केले की प्रत्येक पोत्यासाठी किती माप हे ठरते, आणि मग त्या मापाचा एक छोटा प्लास्टिकचा पेला पेटीच्या झाकणाला दोरीने बांधून ठेवावा. पेरणीच्या घाईत डब्याच्या तळाशी गेलेला चमचा कोणी शोधत बसत नाही, हात आपोआप मुठीकडे वळतो आणि दोन माणसांच्या मुठी कधीच सारख्या नसतात.

लेबलवरील मात्रा ही सुरुवात समजावी. बीजप्रक्रियेचा लेप जाड असेल, दाणे मोठे व चपटे असतील किंवा हवा दमट असेल, तर मात्रा थोडी वाढवावी लागते. गोल, गुळगुळीत दाण्यांना आणि लेप नसलेल्या बियाण्याला कमी पुरते. वाढवायची झाल्यास एका वेळी पाव मापानेच वाढवावी आणि प्रत्येक बदलानंतर पुढे सांगितलेली तपासणी करावी.

मिसळणे

भुकटी दाण्यांच्या वर पडून राहिली तर तिचा उपयोग होत नाही, कारण पेटीतला दाणा खालून जातो. खालचे अर्धे पोते कोरडेच मीटरमधून निघून जाते आणि नंतर एकदम भुकटीचा लोंढा येतो. सर्वांत चांगली पद्धत म्हणजे स्वच्छ, कोरड्या टपात बियाणे आणि मोजलेली भुकटी एकत्र करून दाण्यांवर सारखा हलका रंग येईपर्यंत खालीवर करणे आणि मगच पेटीत ओतणे. टप वापरणे शक्य नसेल तर थर द्यावेत. पेटीत तिसरा हिस्सा बियाणे ओतावे, भुकटीचा तिसरा हिस्सा पसरावा, लाकडी काठीने तळापर्यंत हलवावे आणि असे तीन वेळा करावे. सोयाबीनच्या बाबतीत हात फार हलका ठेवावा, कारण त्याचे टरफल पातळ असते आणि जोरात घुसळल्यास दाणा दुभंगतो. असा दाणा चकतीवर बसतो, सेन्सर तो मोजतोही, पण तो उगवत नाही.

जिवाणू संवर्धक लावलेले बियाणे सावलीत पूर्ण सुकल्याशिवाय त्यावर भुकटी टाकू नये. ओल्या दाण्यावर टाल्क टाकले की ते वडीवरच्या पिठासारखे दाण्याला बिलगते आणि पेटीत त्याचे गोळे होतात.

हंगामाच्या पहिल्या दिवशी आणखी एक काम असते. धुऊन ठेवलेल्या चकत्या आणि पेट्या पूर्ण कोऱ्या असतात, त्यांच्यावर भुकटीचा थर नसतो, आणि त्यामुळे पहिल्या काही ओळींत खाडे, म्हणजे दाणा न पडलेल्या जागा, जास्त पडतात. म्हणून बियाणे ओतण्यापूर्वी चकतीच्या दोन्ही बाजूंना कोरड्या फडक्याने थोडी भुकटी चोळावी आणि मीटर हाताने चार-पाच फेरे फिरवावा. नंतर पेटी पुन्हा भरताना नव्याने ओतलेल्या बियाण्यापुरतीच भुकटी घालावी. पेटीत शिल्लक राहिलेल्या बियाण्याला ती आधीच मिळालेली असते आणि तिचा काही भाग तळाशी उतरलेला असतो, हे लक्षात न घेता प्रत्येक वेळी पेटीभर बियाण्याचे माप टाकले, तर दुपारपर्यंत तळाशी भुकटीची दलदल होते.

ओळ उकरून पाहणे

मात्रा बरोबर आहे की नाही, हे ठरवण्यासाठी केबिनमधील पडद्यावर विसंबून राहू नये. पडद्याला माहिती देणारा सेन्सर बियाणे नळीत असतो. नळीच्या एका बाजूने प्रकाश सोडला जातो, दुसऱ्या बाजूला तो टिपला जातो आणि दाण्याने प्रकाश अडवला की एक दाणा मोजला जातो. या दोन काचांवर भुकटी बसली की सेन्सर अर्धवट आंधळा होतो. माझी एका हंगामात नेमकी याच ठिकाणी फसगत झाली. तिसऱ्या ओळीत खाडे पडत असल्याची सूचना वाजू लागली, म्हणून मी त्या पेटीत आणखी भुकटी टाकली. सूचना वाढल्या, मी पुन्हा टाकली. शेवटी वैतागून खाली उतरलो आणि ओळ उकरली, तेव्हा दाणे २०-२० सेंटिमीटरवर ओळीने बसलेले होते. नळी काढून आत बोट फिरवले तर बोटाचे टोक राखाडी झाले. दाणे मुळीच चुकत नव्हते, चुकत होते ते मोजणे, आणि ते माझ्याच हाताने बिघडवलेले होते. तेव्हापासून लांब दांड्याचा बाटली धुण्याचा ब्रश ट्रॅक्टरवर असतो आणि दिवसातून एकदा तरी तो प्रत्येक नळीतून फिरतो.

तपासणीची पद्धत सोपी आहे. नेहमीच्या वेगाने थोडे अंतर पेरून झाल्यावर थांबावे, कारण हळू चालवून केलेल्या तपासणीचा निकाल फसवा असतो. प्रत्येक ओळीतील किमान ५ मीटर लांबीची माती वरून हलकेच सारावी आणि टेप ठेवून एकेका दाण्याची जागा लिहावी. ५ मीटरमध्ये २० सेंटिमीटरच्या अंतराने २५ दाणे यायला हवेत. परंतु नुसती संख्या पाहू नये. एक खाडा आणि एक जोड मिळूनही संख्या बरोबर भरते. एकेका दाण्याने पेरणाऱ्या यंत्रांच्या चाचणीसाठी असलेल्या आयएसओ ७२५६-१ या मानकातील नियम येथे उपयोगी पडतो. ठरलेल्या अंतराच्या निम्म्याहून कमी अंतर म्हणजे जोड आणि दीडपटीहून जास्त अंतर म्हणजे खाडा. २० सेंटिमीटरच्या पेरणीत १० पेक्षा कमी भरले तर जोड, ३० पेक्षा जास्त भरले तर खाडा, आणि मधली सर्व अंतरे चालण्याजोगी.

उगवण झाल्यावर हेक्टरी रोपांची संख्या पाहायची असेल, तर दोन ओळींतील अंतर ७५ सेंटिमीटर असताना १३.३३ मीटर लांबीची ओळ म्हणजे हेक्टरचा हजारावा भाग होतो. तेवढ्या लांबीतील रोपे मोजून हजाराने गुणावे. २० सेंटिमीटरच्या अंतराने तेथे ६६ ते ६७ दाणे पेरलेले असतात, त्यामुळे नांग्या, म्हणजे रोप नसलेल्या जागा, किती पडल्या हे लगेच दिसते. मात्र या नांग्यांत किडीचा, पक्ष्यांचा आणि कमी उगवणीचाही वाटा असतो. म्हणून भुकटीचा निवाडा पेरणीच्या दिवशी उकरलेल्या ओळीवरूनच करावा.

दोष कोणाचा

एकाच ओळीत बिघाड दिसत असेल, तर तो बहुधा यांत्रिक असतो. झिजलेली चकती, वाकलेले बोट, जाम झालेली साखळीची कडी, फाटलेला सील किंवा आतून खडबडीत झालेली नळी यांपैकी काहीतरी सापडते. अशा ओळीत भुकटी वाढवणे म्हणजे गळक्या पोहऱ्याला रंग देणे. सगळ्या ओळी एकदम बिघडल्या असतील, तर वेग, व्हॅक्यूमचा दाब, बियाण्याचा बदललेला लॉट आणि भुकटी या चार गोष्टींकडे पाहावे.

भुकटी कमी पडत असल्याची खूण चकतीवर सापडते. मीटर उघडून चकती उजेडात धरावी आणि छिद्रांच्या कडेवरून अंगठा फिरवावा, अर्थात हातमोजा घालून. बीजप्रक्रियेच्या रंगाची गुलाबी किंवा हिरवी, थोडी चिकट कडा हाताला लागली, तर लेप दाण्यावरून सुटून छिद्राशी जमत आहे आणि दाण्याला चिकटपणा आहे असे समजावे. अशी कडा जाड झाली की दाणा छिद्रावर नीट बसत नाही, बसला तर वेळेवर सुटत नाही. भुकटी जास्त झाल्याची खूण पेटीच्या तळाशी आणि मीटरच्या कोपऱ्यांत असते. तेथे दाण्यांशिवाय नुसती भुकटी साचलेली दिसते, व्हॅक्यूमचा काटा स्थिर राहत नाही आणि सेन्सरच्या खोट्या सूचना येऊ लागतात. दोन्ही खुणा एकाच वेळी दिसल्या, तर मात्रा बरोबर असून मिसळणे कमी पडले आहे, असे मी मानतो.

धूळ, माणूस आणि मधमाशी

व्हॅक्यूमचा पंखा मीटरमधील हवा ओढून बाहेर फेकतो आणि त्या हवेबरोबर भुकटी व दाण्यावरून खरवडलेला औषधाचा लेपही बाहेर पडतो. २००८ मध्ये जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या वरच्या खोऱ्यात मक्याच्या पेरणीच्या वेळी क्लोथियानिडिन या कीटकनाशकाचा लेप दाण्यांवर नीट चिकटलेला नसल्यामुळे अशी धूळ फुलोऱ्यावरील झाडांवर पडली आणि मधमाश्यांच्या हजारो वसाहतींना त्याची बाधा झाली. कॅनडाने २०१४ पासून निओनिकोटिनॉइड या कीटकनाशकांच्या गटातील औषधे लावलेल्या मका व सोयाबीनच्या पेरणीत वंगणासाठी कमी धूळ करणारीच भुकटी वापरण्याची अट घातली. मेणासारख्या भुकट्यांचा प्रसार वाढण्यामागे ही घडामोड आहे. अशी औषधे लावलेले बियाणे असेल तेथे टाल्क किंवा ग्रॅफाइट चालते की नाही, हे बियाण्याच्या लेबलवरून आधी पाहून घ्यावे. शेजारी फुलोरा असेल तर जोराच्या वाऱ्यात पेरू नये आणि पंख्याची हवा शक्यतो जमिनीच्या दिशेने वळवावी.

बियाणे मिसळणाऱ्याने धूळरोधक मास्क आणि हातमोजे घालावेत, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे आणि पेटीत उघडा हात घालून ढवळू नये. ग्रॅफाइट यंत्राच्या पायरीवर सांडले तर पाय घसरतो, आणि ते वीजवाहक असल्यामुळे सेन्सरच्या तारांच्या जोडांवर साचू देऊ नये. भुकटी मिसळलेले, औषध लावलेले बियाणे उरले, तर ते जनावरांच्या दावणीत किंवा धान्यात कोणत्याही परिस्थितीत जाता कामा नये.

रात्र आणि हंगामाची अखेर

पेटीत बियाणे रात्रभर ठेवू नये. दव धरणारी हवा झाकणाच्या फटीतून आत जाते, टाल्क आणि लेप मिळून घट्ट खपली होते आणि सकाळी पहिली ओळ तिच्यावर खर्ची पडते. पेटी रिकामी करणे अगदीच अशक्य असेल तर झाकणे घट्ट लावून यंत्र छपराखाली उभे करावे आणि सकाळी बियाणे तळापर्यंत हलवून मगच चकती फिरवावी.

हंगाम संपल्यावर मीटर सुटे करून आधी कोरड्या ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने झाडावेत. दाबाच्या हवेने फुंकर मारणे सोपे वाटते, पण तीच औषधी धूळ तोंडावर येते. चकत्या कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवाव्यात, छिद्रांतील लेप लाकडी काडीने काढावा, कारण खिळा किंवा तार वापरली तर छिद्राचा आकार बदलतो. पूर्ण वाळलेल्या चकत्या सपाट जागी, उन्हापासून दूर ठेवाव्यात. उभ्या टेकवून ठेवल्या तर त्या वाकतात आणि वाकलेल्या चकतीतून व्हॅक्यूम गळतो. भुकटीचा उरलेला डबा झाकण घट्ट लावून कोरड्या जागी ठेवावा आणि त्यावर या वर्षी कोणत्या बियाण्याला किती मापे लागली, ते मार्करने लिहून ठेवावे.